डीपी बदलताय, तर पेटीही बदला

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. जानेवारी-फेब्रुवारीत इकडे मण्यात पाणी उतरत असतं, शेजारच्या रानात उन्हाळ कांदा उभा असतो, आणि डीपी, म्हणजे मोटरींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळते ती नेमकी तेव्हाच. मग खेटे, वर्गणी, ट्रॅक्टर. येते एकदाची डीपी. माझी तक्रार उशिराची नाही. नवी डीपी जुन्याच फ्यूजच्या पेटीला जोडतात, त्याची आहे.

ती पेटी एकदा उघडून पाहा, म्हणजे दार शिल्लक असेल तर. फ्यूजची तार धरणाऱ्या किटकॅटची पकड कधीच फुटलेली असते आणि बेसच्या दोन टोकांत लाइनच्या ॲल्युमिनियम तारेचे दोन-तीन पदर आवळलेले असतात. त्यालाच आम्ही फ्यूज म्हणतो.

100 केव्हीएची डीपी 433 व्होल्टच्या बाजूला साधारण 133 अँपिअर पेलते. साडेसात एचपीची मोटर 11 अँपिअरच्या आसपास घेते, म्हणजे बारा मोटरींत डीपी भरली. त्यावर नोंद नसलेल्या मोटरी वेगळ्या. शिवाय प्रत्येकाचा ऑटो, म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप सुरू करणारा स्विच. लाइट आली की सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढतात. ॲल्युमिनियमचे ते पदर काही वितळत नाहीत. आत ऑइल तापत राहतं, वाइंडिंगवरचा कागद करपत जातो.

वरचा डीओ, म्हणजे 11 केव्हीच्या लाइनवरचा ड्रॉप-आउट फ्यूज, आहे ना, असं साहेब लोक म्हणतात. 11 केव्हीच्या बाजूला या डीपीचा पूर्ण लोड जेमतेम सव्वापाच अँपिअर. पण डीपी चार्ज करताना, म्हणजे लाइनला जोडून सुरू करताना, क्षणभर त्याच्या कितीतरी पट करंट जातो, म्हणून डीओची तार मुद्दाम जाड ठेवावी लागते. तो शॉर्टसर्किटला उडेल; दीडपट ओव्हरलोड तासन्‌तास चालला तरी त्याला पत्ता लागणार नाही. ते काम खालच्या पेटीचंच.

आता आमची बाजू. बरोबर मापाचा फ्यूज टाकला आणि एकच फेज गेला, तर मोटर दोन फेजवर गुरगुरत जळते. 2024 पासून साडेसात एचपीपर्यंत बिल माफ आहे, पण जळालेली मोटर पुन्हा भरायचा खर्च माफ नाही. म्हणून जाड तार टाकली जाते, आणि वायरमनच्या पिशवीत दुसरी तार नसतेच. तिन्ही फेज एकदम पाडणारा योग्य रेटिंगचा एमसीसीबी, म्हणजे ओव्हरलोडला आपोआप पडणारा ब्रेकर, बसवला, तर डीपीही वाचेल आणि मोटरही. फक्त तो रोज पडू नये म्हणून ऑटोला टायमर हवा, मोटरी मागेपुढे सुरू व्हायला हव्यात. ते आम्ही गावात बसून ठरवू.

आपण एवढं करा. पेटी दुरुस्त झाल्याशिवाय नवी डीपी चार्ज करू नये. लोड टाँग टेस्टरने, म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजायच्या मीटरने, जानेवारीत मोजावा, पावसाळ्यात नको. आणि जळालेल्या डीपीच्या अहवालात फ्यूजच्या जागी काय सापडलं, तेही लिहायला लावा.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. दिंडोरी, जि. नाशिक