'रन'ला एका शब्दात गुंडाळू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात पोरांसाठी इंग्रजी शब्दांची जी चौकट येते, डावीकडे शब्द आणि उजवीकडे अर्थ, त्याबद्दल लिहितोय. चौकट चांगली आहे, बंद करू नका. पण परवा त्यात 'रन' आला आणि समोर एकच शब्द, 'धावणे'. झालं, विषय संपला! अहो ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीवाल्यांना २०११ च्या सुमारास या शब्दाचे नुसते क्रियापद म्हणून ६४५ अर्थ सापडले होते, पीटर गिलिव्हर नावाचे त्यांचे एक संपादक नऊ महिने त्या एकाच शब्दावर बसून होते. ६४५ छापा असं कोण म्हणतंय, तेवढी जागा तुम्ही जाहिरातीलाच द्याल, पण एक म्हणजे फारच झालं.

आता 'धावणे' चूक नाहीये. फक्त रोजच्या इंग्रजीत रन जिथे जिथे भेटतो त्यातल्या फार थोड्या ठिकाणी कोणी खरंच धावत असतं. मशीन रन होतं, बस रन होते, सॉफ्टवेअर रन होतं, दुकान रन करतात, देशसुद्धा रन करतात. हे सगळं मराठीत चालतं! मशीन चालतं, दुकान चालतं, सरकार चालवतात. इंग्रज जिथे धावतो तिथे आपण चालतो, म्हणजे पोरांना एकच अर्थ द्यायचा असेल तर 'चालणे' दिलेला जास्त कामाला येईल असं माझं स्पष्ट मत आहे. मग पातळ वस्तूंचं वेगळंच, नळ रन होतो, नाक रन होतं, तिथे 'वाहणे'. कपड्याचा रंग रन झाला तर आपण म्हणतो रंग गेला. आणि 'द रोड रन्स अलाँग द रिव्हर' मध्ये तर कोणीच हलत नाहीये, रस्ता जिथल्या तिथे आहे, तरी तो तिकडे धावतो आणि आपल्याकडे नदीकडेने 'जातो'. कोणाला डायबेटिस 'रन्स इन द फॅमिली' असेल तर चौकट पाठ केलेला पोरगा काय समजणार, अख्खं घर पळतंय?

क्रिकेटचं तर सांगूच नका. चालत काढला तरी रन, आणि जागचं न हलता चेंडू सीमेपार घालवला तर एकदम चार रन.

पण पोरं खरी अडकतात ती पुढच्या छोट्या शब्दांमुळे. रन इनटू म्हणजे कोणीतरी अचानक भेटणं, पण तेच गाडीच्या बाबतीत असेल तर धडक. रन आउट म्हणजे बॅट्समन बाद, रन आउट ऑफ म्हणजे पेट्रोल संपलं, पैसे संपले, वेळ संपला. रन ओव्हर म्हणजे कोणी गाडीखाली आलं किंवा मग नुसती मीटिंग लांबली. आणि रन डाउन बघा, बॅटरी उतरली तर रन डाउन, माणूस थकून गळाला तर रन डाउन, घर मोडकळीला आलं तरी तेच, कोणाबद्दल वाईटसाईट बोललं तरी तेच, गाडीने उडवलं तरी तेच. आता हे चौकटीत कसं बसवणार?

बातम्यांतही हा शब्द सारखा येतो म्हणून सांगतो. 'बँक रन' म्हणजे बँक पळून गेली असं नाही (तसंही होतं म्हणा कधी कधी), ठेवीदारांची पैसे काढायला एकदम झुंबड उडते त्याला म्हणतात. २००७ साली ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या बाहेर लोकांच्या रांगा लागल्या होत्या. २०२३ च्या मार्चमध्ये अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायला लोक तुटून पडले, तेही बहुतेक बसल्या जागी ऑनलाइन, म्हणजे शब्द रन आणि धावलं कोणीच नाही. निवडणुकीचीही गंमत आहे, अमेरिकेत उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमध्ये 'स्टँड' राहतो, आणि आपला उमेदवारही उभाच राहतो.

एवढे अर्थ आले कुठून? मला वाटतं यंत्रांनी हा शब्द फुगवला. इंजिन आलं, रेल्वे आली, कारखाने आले, मग कॉम्प्युटर, जे जे सुरू केल्यावर थांबवेपर्यंत आपलं आपलं काम करत राहतं त्याला इंग्रजीने रन लावून टाकलं.

तर विनंती एवढीच की शब्द एकटा छापू नका, तो ज्या शब्दांच्या सोबतीने येतो त्यांच्यासकट छापा. दहा शब्दांऐवजी दिवसाला एकच घ्या पण त्याची चार-पाच वाक्यं द्या. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला कोणी 'लागणे'चा एकच अर्थ सांगितला तर त्याचं काय होईल विचार करा, भूक लागते, दार लागतं, निकाल लागतो, डोळा लागतो, बस लागते आणि वर नादही लागतो. त्याला आपण वाक्यंच सांगू ना?

आपला,
एक नियमित वाचक

ता. क. : पुढच्या वेळी 'सेट' घ्या. १९८९ च्या ऑक्सफर्ड डिक्शनरीत सगळ्यात लांब नोंद त्याचीच होती, साधारण ६० हजार शब्दांची. सूर्य सेट होतो, सिमेंट सेट होतं, गजर सेट करतात, मोडलेलं हाड सेट करतात, टेनिसचा सेट, शूटिंगचा सेट आणि गणितातला सेट तर वेगळाच. समोर फक्त 'संच' छापून मोकळे होऊ नका म्हणजे झालं.