सादरीकरणातली बटणे शोभेची नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मल्टिमीडिया सादरीकरण कसे करावे यावर शैक्षणिक पुरवण्यांतून अधूनमधून लेख येतात. चित्र कसे घालायचे, आवाज कसा जोडायचा, अक्षरे कशी सरकवायची हे सगळे त्यांत असते. बटणांची बोळवण मात्र 'योग्य ठिकाणी बटणे टाकावीत' एवढ्या एका वाक्यावर होते. पाहणाऱ्याने स्वतः हाताळायचे सादरीकरण बिघडते ते नेमके याच ठिकाणी, म्हणून हे पत्र.

दुखणे जुने आहे. १९८७ साली मॅकिंटॉशवर दोन प्रोग्राम आले : फोरथॉट कंपनीचा पॉवरपॉइंट आणि ॲपलचा हायपरकार्ड. पहिल्यात स्लाइडची रांग होती. दुसऱ्यात कार्डांचा गठ्ठा होता आणि बटण दाबून कोणत्याही कार्डावरून कोणत्याही कार्डावर जाता येत असे. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी फोरथॉट विकत घेतली आणि पॉवरपॉइंट घरोघरी पोचला. हायपरकार्डची विक्री २००४ मध्ये बंद झाली. पुढे पॉवरपॉइंटमध्येही बटणे आली खरी, पण मूळ स्वभाव रांगेचाच राहिला. कुठेही क्लिक करा, पुढची स्लाइड हजर. बटणांचे बहुतेक घोटाळे या एका सवयीतून निघतात.

म्हणून सुरुवात कागदावर करावी. समजा विषय जलचक्राचा आहे. एक मुखपृष्ठ, एक मेनू, चार उपविषयांच्या (बाष्पीभवन, संघनन, पाऊस, पाण्याचा परतीचा प्रवास) प्रत्येकी दोन स्लाइड, तीन प्रश्न, चुकलेल्या उत्तरासाठी एक आणि शेवटची एक, अशा पंधरा स्लाइड होतात. कागदावर पंधरा चौकोन काढून बाण जोडायचे. ज्या चौकोनातून एकही बाण बाहेर पडत नाही तिथे पाहणारा अडकणार, आणि ज्याच्याकडे एकही बाण येत नाही ती स्लाइड कुणाला दिसणारच नाही. हे कागदावर दोन मिनिटांत कळते. संगणकावर कळायला सगळे तयार व्हावे लागते.

चित्रांसाठी वेगळे सॉफ्टवेअर लागतेच असे नाही. पॉवरपॉइंटच्या इन्सर्टमधल्या शेप्सवर बरेच भागते. शिफ्ट दाबून ओव्हल ओढला की नेमके वर्तुळ मिळते, म्हणजे सूर्य झाला. समुद्राची कड फ्रीफॉर्मने एकेक क्लिक करत काढावी, डबल क्लिकने संपवावी आणि नंतर एडिट पॉइंट्सने लाटांना गोलाई द्यावी. तयार ढग आहेच. तो पसंत नसेल तर चार-पाच ओव्हल एकमेकांवर चढवून निवडावेत आणि मर्ज शेप्समधले युनियन वापरावे (२०१३ आणि नंतरच्या आवृत्त्यांत ते आहे). आतल्या रेघा जातात, एकच बाह्यरेषा उरते आणि लिंकही (म्हणजे क्लिक केल्यावर दुसऱ्या स्लाइडवर नेणारी जोडणी) एकाच आकाराला द्यावी लागते. थेंब एकदाच काढून कंट्रोल-डीने त्याच्या प्रती कराव्यात.

हाताने काढलेली चित्रे वापरायची असतील तर फार उत्तम, ती तयार क्लिपआर्टपेक्षा केव्हाही बरी दिसतात. फक्त ती पीएनजीमध्ये ठेवावीत. जेपीजीमध्ये रेघांच्या कडेने मळकट ठिपके येतात आणि पार्श्वभूमी पारदर्शक ठेवता येत नाही. पूर्ण स्लाइडभर चित्रालाही साधारण १९२० पिक्सेल रुंदी पुरते. फोनवर काढलेला ४००० पिक्सेलचा फोटो तसाच टाकला, आणि तोही पंधरा ठिकाणी, की फाइल जड होते आणि बटण दाबल्यावर स्लाइड यायला वेळ लागतो. पाहणाऱ्याला वाटते क्लिक लागलेच नाही. तो पुन्हा दाबतो आणि भलतीकडे पोचतो.

आता मेनू. आमच्या मते मेनूवर 'उपविषय १, उपविषय २' अशा चौकटींची रांग लावण्यात काही मजा नाही. जलचक्राचे चित्र हाच मेनू असावा. ढगावर क्लिक केले की संघनन, समुद्रावर केले की बाष्पीभवन. आकार स्लाइडवरच काढलेला असेल तर त्यालाच लिंक देता येते. स्कॅन केलेले चित्र असेल तर प्रत्येक भागावर एक आकार ठेवून तो अदृश्य करावा लागतो, आणि इथे हमखास चूक होते. लोक 'नो फिल' निवडतात. मग आकाराला आतून अंगच राहत नाही, क्लिक फक्त कडेवर लागते, आणि बटण कधी चालते कधी नाही असे वाटते. रंग भरलेला ठेवून त्याची पारदर्शकता १०० टक्के करावी, रेघ काढून टाकावी आणि आकार सर्वांत वर आणावा. असे अदृश्य आकार नंतर सापडत नाहीत. ऑल्ट-एफ१० दाबून सिलेक्शन पेन (स्लाइडवरच्या सगळ्या वस्तूंची यादी) उघडावा आणि प्रत्येकाला 'ढग-लिंक', 'समुद्र-लिंक' अशी नावे देऊन ठेवावीत.

बाकी बटणांसाठी शेप्सच्या यादीच्या अगदी तळाशी ॲक्शन बटन्स आहेत. बटण ओढून काढले की ॲक्शन सेटिंग्जची चौकट आपोआप उघडते. त्यात माउस क्लिकखाली हायपरलिंक टू निवडले की पर्याय दिसतात. 'नेक्स्ट स्लाइड' हा पर्याय रांगेवर अवलंबून असतो. मध्ये स्लाइड घातली की तो नव्या स्लाइडकडे जातो. 'स्लाइड…' निवडून दिलेली लिंक मात्र त्या विशिष्ट स्लाइडला चिकटते, पुढे तिचा क्रमांक बदलला तरी हरकत नाही. म्हणून 'नेक्स्ट' फक्त उपविषयाच्या पहिल्या पानावर ठेवावे. दुसऱ्या पानावर ते राहिले तर बाष्पीभवन वाचणारा न विचारता संघननात शिरतो. तिथे 'मागे' आणि 'मेनू' ही दोनच बटणे हवीत.

लिंक अक्षरांना न देता आकाराला द्यावी. अक्षरे निवडून लिंक दिली तर ती अधोरेखित होतात, त्यांचा रंग थीमप्रमाणे बदलतो आणि क्लिक केवळ अक्षरांवरच लागते. 'माउस ओव्हर'चा, म्हणजे क्लिक न करता माउस वर नेताच बटण चालण्याचा, मोह टाळावा. टचस्क्रीनवर बोट टेकण्याआधी काही घडतच नाही, त्यामुळे तिथे हा प्रकार निरुपयोगी ठरतो.

'मेनू' बटण प्रत्येक स्लाइडवर चिकटवत बसण्यापेक्षा स्लाइड मास्टरवर (सगळ्या स्लाइडमागच्या सामाईक साच्यावर) एकदाच ठेवावे, उजव्या कोपऱ्यात खाली. ते सगळीकडे तंतोतंत त्याच जागी येते. मात्र मास्टरवरच्या वस्तू स्लाइडवरच्या वस्तूंच्या खाली असतात. पूर्ण स्लाइडभर चित्र पसरले की बटण त्याखाली गाडले जाते. अशा स्लाइडवर चित्र थोडे आखूड ठेवावे किंवा बटण वेगळे काढावे. मुखपृष्ठावर, खुद्द मेनूवर आणि चुकलेल्या उत्तराच्या स्लाइडवर ते नको असेल तर फॉरमॅट बॅकग्राउंडमधले 'हाइड बॅकग्राउंड ग्राफिक्स' वापरावे.

एवढे झाल्यावरही खरे काम बाकी असते. बटण हुकले आणि क्लिक शेजारी पडले तर पुढची स्लाइड येणारच, कारण रांग अजून जिवंत आहे. ट्रान्झिशन्समध्ये 'ऑन माउस क्लिक'समोरची खूण काढून 'अप्लाय टू ऑल' दाबावे. तरीही स्पेसबार, बाणाच्या कळा आणि माउसचे चाक यांनी स्लाइड सरकतातच. त्यावर उपाय स्लाइड शोच्या सेट अपमध्ये आहे : 'ब्राउज्ड ॲट अ किऑस्क'. मग फक्त लिंक चालतात, आणि बाहेर पडायला एस्केप. म्हणून या पद्धतीत 'एंड शो'चे बटण स्वतः ठेवावे लागते.

किऑस्क लावल्यावर तक्रार येते की ॲनिमेशन बंद पडले. ते बंद पडलेले नसते. 'ऑन क्लिक'वर ठेवलेल्या हालचालीला पार्श्वभूमीवरचे क्लिक हवे असते, आणि तेच आपण बंद केलेले असते. पावसाचे थेंब आपोआप पडायला हवेत तर 'आफ्टर प्रीव्हियस' ठेवावे. ढगाला हात लावल्यावरच पडायला हवेत तर ट्रिगरमध्ये (हालचाल कशावर क्लिक केल्याने सुरू व्हावी हे ठरवणाऱ्या पर्यायात) तो ढग निवडावा. मेनूवर मात्र हालचाल नकोच. पाहणारा तिथे दहा वेळा परत येतो आणि दर वेळी चित्रे उडत येईपर्यंत थांबणे त्रासाचे होते.

प्रश्नांसाठी एक सोय फार कमी लोक वापरतात. तिन्ही प्रश्नांच्या चुकीच्या उत्तरांना 'पुन्हा विचार करा' ही एकच स्लाइड पुरते. तिच्यावरच्या बटणाला 'लास्ट स्लाइड व्ह्यूड' द्यायचे, म्हणजे जो प्रश्न चुकला तिथेच पाहणारा परत जातो. ही स्लाइड हाइड करून ठेवली तर रांगेत कधी येत नाही, पण लिंकने उघडते. हाच पर्याय सर्वत्र 'मागे' म्हणून वापरू नये. तो फक्त आधी पाहिलेल्या एका स्लाइडकडे नेतो. दोन स्लाइडवर असे बटण असेल तर पाहणारा त्या दोघींमध्येच हेलपाटे घालत राहतो.

आवाजाचे थोडक्यात. ॲक्शन सेटिंग्जमधल्या 'प्ले साउंड'ला डब्ल्यूएव्ही फाइलच लागते, एमपीथ्री चालत नाही. सीडीच्या दर्जाच्या स्टीरिओ डब्ल्यूएव्हीला मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात, मोनोला निम्मे. बटणाचा आवाज अर्ध्या सेकंदाच्या वर नसावा. निवेदन वेगळे, इन्सर्टमधल्या ऑडिओतून घालावे.

पॉवरपॉइंट नसेल तर लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्ये यातले बरेचसे फुकटात होते. आकारावर राइट क्लिक करून इंटरॅक्शन उघडावे आणि 'गो टू पेज ऑर ऑब्जेक्ट' निवडावे. स्लाइड शो सेटिंग्जमध्ये 'चेंज स्लाइड्स बाय क्लिकिंग ऑन बॅकग्राउंड'ची खूण काढायला विसरू नये. एका प्रोग्राममध्ये केलेली फाइल दुसऱ्यात उघडणार असेल तर प्रत्येक लिंक पुन्हा तपासावी. मजकूर युनिकोड फाँटमध्येच असावा. जुन्या फाँटमधली देवनागरी, तो फाँट नसलेल्या संगणकावर, निव्वळ रोमन अक्षरांचा कचरा होऊन बसते.

तपासणीचा हिशेब सोपा आहे. वरच्या पंधरा स्लाइडमध्ये मुखपृष्ठावर १, मेनूवर ६ (चार चित्रे, प्रश्न, बाहेर), उपविषयांवर १६, प्रश्नांवर १२ (तीन उत्तरे आणि मेनू, प्रत्येकी), चुकीच्या उत्तरावर १ आणि शेवटी २ अशी ३८ बटणे होतात. कागदावरचे बाणही ३८ भरले पाहिजेत. एकेक बटण दाबून त्या बाणावर खूण करावी, आणि हे काम ज्याने सादरीकरण केले त्याने करू नये. त्याचा हात नकळत बरोबर जागीच पडतो.

आपले नम्र,
संगणक विषयाचे काही शिक्षक