सहीला रकाना आहे, नकाराला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रबरी सील बनवणाऱ्या कारखान्यात मी १४ वर्षं गुणवत्ता तपासनीस आहे. सील दाबून ७० तास गरम ओव्हनमध्ये ठेवायचं, मग ते मूळ जाडीला कितपत परततं ते मोजायचं, हे माझं काम. ते ७० तास कुणाच्या घाईने कमी होत नाहीत.

माल पाठवायची तारीख अंगावर आली की साहेब म्हणायचे, "मागच्या बॅचचे आकडे टाका, मिश्रण तेच आहे." मी दोनदा टाकले. चाचणी नंतर केली, सील पास झाले, मनाची समजूत घातली. तिसऱ्यांदा समोरचा ओव्हन रिकामा होता आणि मी लिहीत होते 'चाचणी पूर्ण'. पेन थांबलं. सील चांगलंही निघालं असतं. पण माझ्या सहीचा अर्थ 'मी मोजलं' एवढाच, आणि मी मोजलं नव्हतं.

अमेरिकेच्या 'चॅलेंजर' अंतराळयानाचा घात असाच एका रबरी कडीने केला. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री त्याची रॉकेटं बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे अभियंते सांगत होते, थंडीत रबर कडक होतं, १२ अंश सेल्सिअसखाली उड्डाण नको. व्यवस्थापनाने ते फिरवलं. उड्डाणस्थळी असलेले कंपनीचे अधिकारी अ‍ॅलन मॅकडोनाल्ड यांनी सही नाकारली, तर ती कंपनीतल्या दुसऱ्या अधिकाऱ्याकडून आली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सात जण गेले. चौकशीत खरं बोलल्यावर मॅकडोनाल्ड यांचं पद काढून घेतलं गेलं. अमेरिकी काँग्रेसच्या दबावामुळे ते परत मिळालं.

आमच्याकडेही सही दुसऱ्याने केली. जेमतेम वर्षभर नोकरी झालेला मुलगा. माझ्या नकाराचा भार त्याच्यावर पडला, याचं मला फार वाईट वाटतं. साहेबांवरही वरून दबाव असतो, हे मी जाणते. पण मी समासात '७० तास झालेले नाहीत' असं लिहिलेला कागद बाजूला काढून नवीन छापला गेला.

अपघातानंतर आपण 'मानवी चूक' अशी बातमी छापता. त्या कागदावर सही कुणाची होती आणि कुणी ती नाकारली होती का, हेही विचारावं. आणि प्रत्येक चाचणी अहवालात सहीशेजारी 'असहमत, कारण' असा रकाना सक्तीचा व्हावा, ही मागणी आपण लावून धरावी. तो असता, तर त्या मुलालाही काही लिहिता आलं असतं.

आपली,
एक गुणवत्ता तपासनीस
(नाव छापू नये, ही विनंती)