चि. अनिकेतास, इचलकरंजीला

धायरी, पुणे
जून २०२५

चि. अनिकेत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज बाबांनी वाचून दाखवला. ‘पोचलो. रूम बरी आहे.’ संपलं. फोनवर काही विचारायला गेलं की तू ‘हो गं आई, हो’ म्हणतोस आणि मागून भांड्यांचा नाहीतर गाण्याचा आवाज येत असतो. म्हणून कागद घेतला. निदान वाचताना तरी माझ्याकडे लक्ष राहील.

पाण्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. स्वारगेटला त्यावरून जेवढं झालं तेवढं पुरे. पिशवीतलं पातेलं आणि फिल्टरची कांडी काढून तू बाबांच्या हातात दिलीस आणि चार माणसांत म्हणालास, ‘हिला सांगा, मी तिच्या माहेरीच चाललोय.’ लोक हसले, बाबाही हसले. अरे, माहेर आहे म्हणूनच ठाऊक आहे ना मला.

आणि तू वर जे म्हणालास त्याला तेव्हा उत्तर सुचलं नाही. ‘जानेवारीत आपल्याच सिंहगड रोडला जीबीएसची, त्या नसांच्या आजाराची, साथ आली, धायरीत, किरकटवाडीत, नांदेड गावात. तेव्हा कुठे गेलं होतं पुण्याचं चांगलं पाणी?’ खरं आहे. पण तेव्हा मी घरात होते. उकळून, गार करून, गाळून भांडं तुझ्या हातात दिल्याशिवाय तुला टेबलावर बसू दिलं नव्हतं. तिकडे हे कोण करणार?

बघ, आलंच ते. आता दुसरं लिहिते.

तुझ्या हिंजवडीच्या मित्रांना इचलकरंजी म्हणजे कोल्हापूरच्या जवळचं कुठलंसं गाव, एवढंच माहीत. त्यांना सांग, पुण्याची आणि त्या गावाची सोयरीक पेशव्यांच्या वेळची आहे. बाळाजी विश्वनाथांची लेक अनुबाई, म्हणजे थोरल्या बाजीरावांची बहीण, इचलकरंजीच्या व्यंकटराव घोरपड्यांना दिलेली. ते घोरपडेही मूळचे कोकणातले जोशी. नारो महादेव संताजी घोरपड्यांच्या पदरी वाढला, त्याची जाण ठेवून आडनावच त्यांचं लावलं. असं गाव आहे ते. पेशव्यांची लेक इकडून तिकडे गेली आणि कितीतरी पिढ्यांनी मी तिकडून इकडे आले. तुझ्या आजीने पहिल्याच आठवड्यात मला ऐकवलं होतं, ‘सूनबाई, इथे सगळ्यांना ऐकू येतं हो.’ खाली चार माग चालू असलेल्या घरात वाढलेली मुलगी हळू कशी बोलणार? आम्ही जेवायला हाकसुद्धा हाताने मारायचो.

माझे दादा, म्हणजे तुझे तिकडचे आजोबा, आधी वहिफणी करायचे, हे तुला माहीत असेल. नवा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, आला की एकेक धागा मागाच्या वहीतून आणि फणीतून ओवायचा, हजारो धागे, मान मोडेपर्यंत. मग जुने माग घेऊन ते खर्चीवाले झाले. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आपण विणून द्यायचं आणि मीटरवर मजुरी घ्यायची. कामगाराची मजुरी पुन्हा पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांवर, पैशांत मोजलेली, आणि त्या पैशांवरून दर काही वर्षांनी संप. शाळेत जाण्याआधी मी आणि भाऊ कांड्या भरायचो. भाऊला माग न बघता कळायचं कुठला बिघडलाय. वर झोपलेला असायचा आणि म्हणायचा, ‘दादा, तीन नंबरचा धोटा आपटतोय.’ तुझा कान त्याच्यासारखा आहे. लहानपणी तू मिक्सरचा आवाज ऐकून सांगितलं होतंस की आतलं वायसर गेलंय, तेव्हा मी बाबांकडे बघितलं होतं. त्यांना काही कळलं नाही.

ते माग आता नाहीत. लाखभर साधे माग होते म्हणायचे गावात, त्यातले कितीतरी सूत आणि विजेच्या दरापायी भंगारात गेले. आपले किलोवर गेले. बिडाचा भाव लावून नेले. आणि आता दादांचा नातू यड्रावला एअरजेटच्या शेडमध्ये मेंटेनन्स इंजिनियर म्हणून उभा राहणार. ज्या मागाला धोटाच नाही, हवेने आडवा धागा फेकतो, तो दादांना बघायला मिळाला असता तर त्यांनी तास न् तास हलू दिलं नसतं तुला. मी इथे सोसायटीत सगळ्यांना सांगून झाले आहे. समोरच्या काकू म्हणाल्या, ‘पुणं सोडून तिकडे?’ मी म्हटलं, हो, तिकडे.

तिकडे म्हणजे काय त्यांना वाटतं कोण जाणे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांनी त्याला पाठबळ दिलं. सगळं गाव त्यातून उभं राहिलं. एकच मोठी गिरणी आणि बाकी सगळे नोकर, असं ते गाव नव्हतं. उसाचे चार पैसे आले की शेतकरी गोठ्याशेजारी दोन माग टाकायचा. त्यामुळे आमच्या गल्लीत मालक आणि कामगार एकाच नळावर भांडायचे. बाबासाहेबांच्या राजवाड्यात आता टेक्सटाइल कॉलेज आहे, ते बघून ये. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर याच संस्थानचे गवई, आणि विष्णु दिगंबर पलुसकर त्यांचे शिष्य. मागाच्या खडखडाटात गाणं, म्हणून पुण्यातले लोक गालात हसतात. १९७४ ला साहित्य संमेलनही झालं, पु. ल. देशपांडे अध्यक्ष. मी चार वर्षांची. दादा मला खांद्यावर बसवून घेऊन गेले आणि पु. ल. बोलत असताना मी झोपले, असं आई सगळ्यांना सांगायची. सगळा मांडव हसत होता आणि ही घोरत होती म्हणे.

नळ म्हटल्यावर राहवत नाही. तिथे पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. त्यामुळे साठवलेलं असतं. रूमच्या वरची टाकी कधी धुतली होती ते मालकाला विचार. लाजू नकोस. पुणेरी म्हणाले तर म्हणू देत.

मी लहान असताना नदीवेशीला घाटावर आम्ही गोधड्या धुवायला जायचो. भाऊ पुलावरून पंचगंगेत उड्या मारायचा आणि तहान लागली की तिथलंच पाणी ओंजळीने प्यायचा. मीही प्यायले आहे. पुढे वरच्या गावांचं सांडपाणी, कारखान्यांचं, आपल्याच कापड रंगवणाऱ्या प्रोसेसचं रंगीत पाणी, सगळं त्या एका नदीत. उन्हाळ्यात जलपर्णीच्या केंदाळाखाली नदी दिसेनाशी होते. म्हणून गावाला पाणी आणायचं तर शिरोळ तालुक्यातून मजरेवाडीहून कृष्णेचं आणतात. दूधगंगेचं आणायचं म्हटलं तर सुळकूडला काठावरची गावं नको म्हणतात. त्यांचंही चुकलं असं कसं म्हणायचं? आमच्या नदीचं आम्ही काय केलं ते त्यांनी बघितलंय.

२०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची साथ आली. तू सातवीत होतास, तुला रेणुकामावशीकडे ठेवून मी गेले होते. भाऊ म्हणत होता पित्त आहे, दोन दिवसांत जाईल. डोळे पिवळे दिसत असताना दुसरी पाळी करून आला. पुढचं तुला माहीत आहे.

म्हणून सांगते. तुला घाबरवायला नाही. तू चोवीस वर्षांचा आहेस, आणि भाऊ तर गावातच जन्मलेला होता, त्याला वाटायचं की गावचं पाणी गावच्या माणसाला बाधत नाही. वीस मिनिटं खळखळून उकळायचं, नुसतं कोमट नाही. शेडमधल्या पिंपातलं पिऊ नकोस, घरून बाटली ने. रस्त्यावरचा उसाचा रस, बर्फाचा गोळा, पाणीपुरी, हे सगळं पुण्याला आलास की खा. डोळे, लघवी, जेवण नकोसं होणं, यातलं काही वाटलं तर कामावर न जाता आधी डॉक्टर. पाळी बुडाली तर बुडू दे, पगार कापला तर कापू दे.

परत व्याख्यान झालं. बाबा पलीकडच्या खोलीतून विचारतायत, ‘पाण्यावर आलीस का?’ जाऊ दे, तू एकदाच वाच हा भाग.

मामीकडे पहिल्या रविवारी जा, जवाहरनगरला. तिच्यापुढे पाण्याचं काहीही काढायचं नाही. ती तांब्या भरून देईल, ते पी. ती कधीच उकळते ते, सांगावं लागत नाही. भाऊच्या फोटोखाली त्याचं जुनं मनगटी घड्याळ ठेवलेलं असतं. ‘चालू करून देऊ का’ असं विचारू नकोस, तुझा हात शिवशिवेल तरी.

आत्याआजीकडे बोरगावला जायचं ते आधी फोन करून. जेमतेम दहा-बारा किलोमीटर आहे, पण कर्नाटकात. तिचं लग्न झालं तेव्हा तेही मुंबई राज्यच होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं बदलली आणि आत्या चूल न हलवता म्हैसूर राज्यात गेली. तिच्या मुलांच्या शाळा कानडी, आमच्या मराठी, पण दिवाळीला सगळे एका पंक्तीला. आमची आजी घरात कानडी बोलायची, बाजारात मराठी, आणि चिडली की दोन्ही. तुझ्या शेडमध्ये आता हिंदी आणि ओडिया ऐकू येईल. ओडिशा-बिहारची मुलं घरदार सोडून आलेली असतात, त्यांच्यावर इंजिनियर म्हणून आवाज चढवू नकोस. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, वयाने मोठा असेल तर त्याला मामा नाहीतर अण्णा म्हण. पुस्तकात नसलेलं त्याला माहीत असतं आणि तो ते फक्त आवडत्या माणसाला सांगतो. सीमाप्रश्नावर आत्याच्या जावयाशी वाद घालायचा नाही. तो वकील आहे, महाजन आयोगापासून सुरू करेल आणि तुझी शेवटची बस जाईल. आणि सीमेवर काही पेटलं तर बसच बंद होतात, तेव्हा त्या दिवशी जाऊच नकोस.

बेंदूर तुझा हुकला. तिथे ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर करतात, बैल सजवून आणतात, बैलांनी कर, म्हणजे तोरण, तोडायचा म्हणून गर्दी होते. आषाढात पुन्हा महाराष्ट्राचा बेंदूर. म्हणजे बैलांची चैन. दादा म्हणायचे, दोन राज्यांच्या मध्ये राहण्याचा फायदा फक्त बैलांनाच झाला.

पावसाचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला तेव्हा हायवे बंद होता, पुण्याहून कुणालाच पोचता आलं नाही. मामी तीन दिवस वरच्या मजल्यावर. नदीचं पाणी वाढतंय म्हटलं की सामान बघत बसायचं नाही, मामीला घेऊन अक्काकडे जायचं. आणि पूर ओसरला की विहिरी, टाक्या, नळ... नाही लिहीत. तुला कळलं.

नरसोबाच्या वाडीला गेलास तर कवठाची बर्फी आण, पावशेरच. बाबांची साखर वाढली आहे, त्यांना दाखवायची नाही. गाडी पुसायला सुताचा वेस्ट मिळाला तर तो आण, इथे विकत घ्यायला नको वाटतं मला.

पगारातून लगेच पैसे पाठवू नकोस. आधी गादी घे. आणि ते पातेलं मी कुरिअरने पाठवलं आहे, गुरुवारपर्यंत मिळेल, चिडू नकोस.

तुझी,
आई

ता. क. बाबांनी विचारलंय की तुमच्याकडचे एअरजेट टोयोटाचे आहेत की त्सुदाकोमाचे, आणि कॉम्प्रेसर कितीचा. तू निघालास तेव्हापासून ते मोबाईलवर मागाचे व्हिडिओ बघतायत आणि मी खोलीत गेले की बंद करतात. त्यांना वेगळा फोन कर. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.