तुझा साहेब कोण?

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "तुझा साहेब कोण?" आणि मला एक नाव सांगता आलं नाही. तेव्हापासून प्रश्न डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसले.

रजा मंजूर करते आणि वर्षाच्या शेवटी माझ्या कामाचं मूल्यमापन करणार आहे, ती माझी मॅनेजर. पण रोजचं काम देतो प्रोजेक्टचा प्रमुख, आणि तो तिच्या हाताखाली नाही. कॉलेजात हेन्री फेयॉल या फ्रेंच व्यवस्थापनतज्ज्ञाची व्यवस्थापनाची 14 तत्त्वं पाठ केली होती, त्यांत एक होतं: माणसाला हुकूम एकाच वरिष्ठाकडून मिळावा. फेयॉलने हे 1916 मध्ये मांडलं. ते का मांडलं, हे मला या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. दोघांनी एकाच दिवशी 'संध्याकाळपर्यंत हवंय' म्हणून दोन कामं दिली, मी दोन्हींना हो म्हटलं आणि दोन्ही अर्धवट राहिली. आता मी दोघांना एकाच मेलमध्ये विचारते, आधी कोणतं करू? ते आपसांत ठरवतात.

आई, दुसऱ्या आठवड्यात मात्र एक चूक झाली, ती तुला फोनवर सांगवली नव्हती. एका अहवालातले आकडे जुळत नव्हते. जिन्यात विभागप्रमुख भेटले आणि मी उत्साहाने त्यांनाच सांगून टाकलं. दुपारच्या मीटिंगमध्ये त्यांनी मॅनेजरला विचारलं, आणि तिला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सगळ्यांसमोर तिचा चेहरा उतरला. नंतर तिने मला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाली, "वर उत्तर मला द्यावं लागतं. मला आधी कळायला हवं." त्या रात्री मला झोप लागली नाही. ओलांडून जाणं म्हणजे फक्त मानाचा प्रश्न, असं मी समजत होते. तिला उत्तर द्यावं लागणार आहे, हा विचारच माझ्या मनात आला नव्हता.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. हिशेब विभागातल्या माझ्याच पायरीवरच्या मुलीला साधी तारीख विचारायची, तरी मॅनेजरमार्फत. दोन दिवस जायचे. फेयॉलने त्यावरही वाट सांगितली आहे, तिला तो पूल म्हणतो: दोन विभागांतल्या बरोबरीच्या माणसांनी थेट बोलावं, फक्त दोघांच्याही वरिष्ठांना ते माहीत असावं. परीक्षेत मी त्या पुलाची आकृती काढली होती, अर्थ आत्ता कळला. मॅनेजरला विचारलं, तर ती लगेच हो म्हणाली.

आणि एक बाई आहेत, पदाने माझ्याहून फार वर नाहीत, पण कोणता कागद कुणाकडे अडतो हे साऱ्या ऑफिसात त्यांनाच ठाऊक. ऑफिसातल्या पदांच्या तक्त्यात त्यांचं नाव अगदी खाली आहे. सध्या मी सर्वांत जास्त त्यांच्याकडूनच शिकते आहे.

बाबा, तुमच्या पहिल्या नोकरीत असं कोण होतं? रविवारी सांगा.

तुमची,
लेक