शेजाऱ्यांची वीज महिन्यामहिन्याने मोजा

महोदय,

शेजारी देशांच्या वीजनिर्मितीची तुलना छापून येते तेव्हा बहुधा स्थापित क्षमतेचा, म्हणजे सगळी केंद्रे मिळून एका वेळी जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतात याचा, तक्ताच पुढे केला जातो. अमक्याकडे इतके हजार मेगावॉट, तमक्याकडे तितके. त्यावरून घरात दिवा लागतो की नाही, हे कळत नाही.

बांगलादेशाची क्षमता २७ हजार मेगावॉटच्या घरात गेली. मागणी मात्र कडक उन्हाळ्यातही १६-१७ हजारांवरच घुटमळते. तरीही जुलै २०२२ मध्ये तिथे भारनियमन करावे लागले. केंद्रे उभी होती, पण इंधन नव्हते. स्वतःचा गॅस आटत चाललेला, आणि युक्रेन युद्धानंतर आयात गॅस परवडेना. वर बंद केंद्रांनाही, वीज घेतली नाही तरी, ठरलेला स्थिर आकार द्यावाच लागतो.

नेपाळचे चित्र वेगळे. २०१६ पूर्वी हिवाळ्यात काठमांडूत दिवसातले बारा-बारा तास वीज नसायची. कुलमान घिसिंग यांनी वीज प्राधिकरणाची सूत्रे घेतल्यावर वाटपाला शिस्त लागली आणि राजधानीचे भारनियमन थांबले. २०२१ मध्ये ४५६ मेगावॉटचा अप्पर तामाकोशी प्रकल्प सुरू झाला. आता पावसाळ्यात नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात जाते. शेजाऱ्याला वीज विकणाऱ्या या छोट्या देशाचे मनापासून कौतुक वाटते. मात्र त्याचे बहुतेक प्रकल्प वाहत्या पाण्यावरचे आहेत. पौष-माघात नद्या रोडावतात आणि तोच नेपाळ भारताकडून वीज घेतो. धरणात पाणी साठवून चालणारा म्हणावा तर कुलेखानी प्रकल्प, तोही लहानच.

आम्हा पाटणकरांना हे कोयनेवरून चांगले ठाऊक आहे. प्रकल्प १९६० मेगावॉटचा, पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५० टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली. त्यामुळे तो चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालूच शकत नाही. मागणी चढते त्या वेळी तो हात देतो, हीच त्याची खरी किंमत, आणि ती मेगावॉटच्या रकान्यात दिसत नाही.

पाकिस्तानात तर लोकांनी छपरांवर इतकी सौर पॅनेल बसवली आहेत की ग्रीडवरची विक्री घटू लागली. नुसती ग्रीडची आकडेवारी पाहणाऱ्याला देशात विजेचा वापरच कमी झाला असे वाटेल.

म्हणून विनंती, असा तक्ता पुन्हा द्याल तेव्हा त्यात प्रत्येक देशाने महिन्याला किती युनिट निर्माण केले, किती शेजाऱ्याकडून घेतले आणि दरडोई किती वापरले, हे तीन रकाने जरूर घालावेत.

– एक वाचक, पाटण (जि. सातारा)