भंडारदऱ्याला मोजकीच माणसं न्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाऊस सुरू झाला की भंडारदऱ्याच्या वाटेवर गाड्यांच्या रांगा लागल्याच्या बातम्या येऊ लागतात. मी संगमनेरची. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून आता निवृत्त झाले आहे. जिल्ह्याच्या नकाशात प्रवरेवरून बोट फिरवत मुलांना भंडारदऱ्याचं धरण दाखवायचं, हे मी दर वर्षी केलं. ज्या पाण्यावर आमचा ऊस उभा आहे आणि आमचे नळ वाहतात, ते येतं तो मुलूख मात्र साठी ओलांडल्यावर पाहिला. दोनदा गेले. दोन्ही एकाच दिवसाच्या सहली, दोन्ही त्याच जलाशयाभोवती, आणि तरी दोन वेगळ्या गावांना जाऊन आल्यासारखं वाटलं. म्हणून हे पत्र.

पहिल्यांदा ऑगस्टमध्ये, मोठ्या बसने. आम्ही बावन्न जण होतो. पहाटे पाचला निघालो, रात्री नऊला परतलो आणि त्यातला बहुतेक वेळ सीटवर बसून गेला. घाटघरच्या अलीकडे दीड तास बस जागची हलली नाही. पुढून बस, मागून मोटारी, मधे एका बाजूला चिखलात रुतलेली जीप, आणि या सगळ्यात अडकलेली गावातली एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन वाट मिळेपर्यंत तशीच उभी. रतनवाडीला पन्नास मिनिटं मिळतील असं सांगितलं होतं, मिळाली वीस. बायकांची ती वीसही स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. अमृतेश्वराच्या देवळाच्या पुष्करणीच्या पायऱ्यांवर माणसं बूट घालून उतरत होती आणि पाण्यात वेफर्सची पाकिटं तरंगत होती. आमच्याबरोबरचा मुलगा कष्टाळू होता, त्याला मी दोष देणार नाही. बावन्न डोकी मोजण्यात त्याचा दिवस गेला. समोरचा डोंगर कोणता, हे सांगायला त्याला ना सवड होती, ना कुणी त्याला तयार केलं होतं.

दुसऱ्यांदा दोन वर्षांनी गेले, ऑक्टोबरमध्ये. एका भाचीने आग्रह केला म्हणून. या वेळी एका जीपमध्ये आम्ही आठ जण आणि जलाशयाकाठच्याच एका वाडीतला तिशीचा वाटाड्या. मी शिक्षिका होते हे कळल्यावर तो मला दिवसभर ‘बाई’ म्हणत होता.

शेंडीला धरणाच्या भिंतीसमोर त्याने गाडी थांबवली. धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पुरं झालं, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल. त्याने सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. त्याच्या पणजोबांच्या वडिलांचं भातखाचर या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की त्याचा बांध उघडा पडतो. घरातली म्हातारी माणसं अजून त्या जागेला शेताच्याच नावाने ओळखतात. हे ऐकल्यावर आमच्यातल्या कुणाचाच मोबाइल थोडा वेळ वर गेला नाही.

पुढे मुतखेल, कोलटेंभे करत रतनवाडी. पुष्करणीपाशी त्याने आम्हाला पादत्राणं काढून वरच्या पायरीवर बसवलं. ऊन तिरपं आत येत होतं. भिंतीतल्या कोनाड्यांमधल्या मूर्ती एकेक करून उजळत गेल्या. एका कोनाड्यात कुणीतरी सोनकीचं पिवळं फूल ठेवलेलं होतं, ताजं, अजून दवाने ओलं. बावन्न जणांच्या रेट्यात मला ते दिसलं असतं का?

मग देवळाच्या वरच्या अंगाला, रतनगडाच्या वाटेवर, तो आम्हाला एका ओढ्याशी घेऊन गेला. पाणी घोट्याएवढं, तळाचा खडा न् खडा दिसेल असं. म्हणाला, “बाई, ही तुमची प्रवरा. हितून निघती.” मी चप्पल काढली आणि पाय पाण्यात सोडून दगडावर बसले. एकतीस वर्षं नकाशावरच्या निळ्या रेघेवरून बोट फिरवलं होतं, त्या रेघेचं पहिलं टोक माझ्या पायाशी होतं. डोळ्यांत पाणी आलं. कुणी घाई केली नाही, शिट्टी वाजवली नाही. तो वाट पाहत थांबला.

साम्रदला आमच्यातल्या दोन तरुणांना सांदणच्या अरुंद, खोल दरीत उतरायचं होतं. दुपारनंतर ढग भरून आले होते. तो ठामपणे नाही म्हणाला. “पाऊस तिकडं डोंगरावर पडला तरी पानी हितं येतं. मंग वर चढायला जागा नसती.” आठ जणांना हे पटवायला त्याला पाच मिनिटं लागली. ऐन पावसात पन्नास उत्साही माणसांपुढे एकट्याने उभं राहून नाही म्हणणं किती जणांना जमेल, याचा विचार मी परत येताना करत होते.

घाटघरला कोकणकड्यावर वारा होता, पण धुकं निवळलेलं होतं. अलंग, मदन, कुलंग हे किल्ले कुठले ते त्याने बोटाने दाखवलं. खालच्या चोंढ्याच्या धरणात पाणी सोडून वीज करायची आणि मागणी कमी असेल तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवायचं, हा २५० मेगावॉटचा प्रकल्प त्याने हाताची एक ओंजळ वर आणि एक खाली धरून समजावला. मी वर्गात याहून चांगलं शिकवलं नसतं. परतताना पांजऱ्याजवळ संध्याकाळचं कळसूबाईचं शिखर जलाशयात उतरलं होतं. राज्यातलं सर्वांत उंच, १६४६ मीटरचं, आणि पाण्यात ते अगदी हाताशी आल्यासारखं दिसत होतं.

हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. म्हणून वनखात्याला आणि जिल्हा प्रशासनाला माझी कळकळीची विनंती आहे. पावसाळ्यात मोठ्या बस शेंडीतच थांबवाव्यात आणि पुढे गावकऱ्यांच्याच जीपगाड्या चालू द्याव्यात. दहा-बारा माणसांमागे एक स्थानिक वाटाड्या सक्तीचा करावा. त्याला प्रथमोपचाराचं शिक्षण आणि ओळखपत्र द्यावं. धोका दिसला तर सहल थांबवण्याचा त्याचा शब्द अखेरचा मानावा. सहली काढणाऱ्यांनीही किती माणसं नेणार हे जाहिरातीत आधी छापावं. जागा कमी झाल्या तर दर वाढतील, हे मला कळतं. माझं निवृत्तिवेतन फार नाही, तरी पहिल्यासारख्या दोन सहलींऐवजी मी दुसरीसारखी एक करीन. आणि रतनवाडीला बायकांसाठी चांगली स्वच्छतागृहं लवकरात लवकर बांधावीत, ही मागणी मला वेगळी करावीशी वाटते.

मे महिन्यात पाणी उतरलं की खाचराचा तो बांध दाखवतो, असं त्याने निघताना सांगितलं आहे. मी जाणार आहे. माझ्या शाळेतल्या जुन्या सहकारी विचारतात तेव्हा सांगते, जीपमध्ये आणखी सात जागा आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, संगमनेर